अहसोका परत का गेली नाही?

कार्टून पोरांसाठी आणि अंतराळातल्या लढाया मुलग्यांसाठी, अशी आपली एक सोयीची वाटणी असते. आपल्या अंकांतून आपण जाहिरातींवर लिहिलं, दूरचित्रवाणीवरच्या सासू-सुनांवर लिहिलं, पाठ्यपुस्तकातली आई कायम चुलीपाशीच का असते यावर लिहिलं. ‘स्टार वॉर्स’वर कुणी लिहील असं वाटत नाही, आणि ‘त्यात आपलं काय आहे?’ असं कुणी विचारलं तर ते वावगंही नाही. पण माझ्या मते त्यात आपलं बरंच काही आहे. पुरुषांनी मुख्यतः मुलग्यांसाठी रचलेल्या, तीस वर्षं मुरलेल्या एका कथेत एका चित्रमालिकेने मागाहून एक मुलगी आणून उभी केली. आधीच्या सिनेमांतलं एक अक्षर खोडलं नाही. तरी ती मुलगी तिथे उभी राहिली आणि सगळ्या कथेचा अर्थ बदलला. रामायणाची गोष्ट तीच ठेवून जात्यावरच्या बायकांनी ती सीतेच्या बाजूने सांगितलीच होती, तेव्हा ही रीत आपल्याला परकी नाही.

ज्या मैत्रिणींनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉर्ज ल्यूकसचा पहिला सिनेमा 1977 साली आला, पुढचे दोन 1980 आणि 1983 साली. एक जुलमी साम्राज्य, त्याचा काळ्या मुखवट्यातला सेनापती डार्थ व्हेडर, आणि त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला त्याचाच मुलगा. या तीन सिनेमांत लक्षात राहावी अशी बाई एकच, राजकन्या लेया. ती बंडखोरांची पुढारी आहे, बंदूक चालवते, पुरुषांना हुकूम सोडते. आणि 1983च्या सिनेमात तिलाच धातूची बिकिनी घालून, गळ्यात साखळी अडकवून बसवलेलं आहे. भिंतीवरच्या पोस्टरांसाठी लोकांनी नेमकं तेच चित्र निवडलं. नंतर 1999, 2002 आणि 2005 साली आणखी तीन सिनेमे आले, त्यात व्हेडरची पूर्वकथा आहे. तो मुळात ॲनाकिन, एका गुलाम बाईचा मुलगा. जेडाई नावाच्या योद्धा-संन्याशांच्या पंथात तो वाढतो, पाद्मे नावाच्या राजकारणी बाईशी चोरून लग्न करतो, आणि ती मरेल या भीतीने दुष्टांना सामील होतो.

ही पाद्मे 1999च्या सिनेमात चौदा वर्षांची, लोकांनी निवडून दिलेली राणी आहे. 2005 साली तीच बाई गरोदरपणी खिडकीशी उभी राहून नवऱ्याची वाट पाहते. शेवटी नवरा तिचा गळा आवळतो. त्यानंतर ती बाळंत होते आणि मरते. तिथला यंत्रमानव डॉक्टर सांगतो की शरीराने ती ठणठणीत आहे, फक्त तिची जगण्याची इच्छा संपली आहे. गळा आवळल्यानंतर काही वेळातच मेलेल्या बाईबद्दल असा दाखला कुणी आपल्यासमोर ठेवला असता, तर आपण तो मुकाट्याने मान्य केला असता का?

अशा या कथेत 2008 साली ‘द क्लोन वॉर्स’ ही चित्रमालिका आली. आधी ऑगस्टमध्ये एक सिनेमा, मग ऑक्टोबरपासून कार्टून नेटवर्कवर मालिका. तिचा काळ 2002 आणि 2005च्या सिनेमांच्या मधला, म्हणजे कथेतली जेमतेम तीन वर्षं. ल्यूकस आणि त्याचा दिग्दर्शक डेव्ह फिलोनी यांनी या तीन वर्षांत ॲनाकिनला एक शिष्या दिली, अहसोका टॅनो, वय वर्षं चौदा. हे नाव सम्राट अशोकावरून सुचल्याचं सुरुवातीच्या लेखकांपैकी एकाने सांगितलेलं आहे.

आता अडचण अशी, की 2005च्या सिनेमात या मुलीचं नावही नाही. गुरू तिचा उल्लेख करत नाही, तिच्यासाठी रडत नाही, जणू ती कधी नव्हतीच. म्हणून पाहणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरलं होतं की हिला मारणार. पुरुषाला दुःख व्हावं, त्याला सूडाचं कारण मिळावं म्हणून कथेतली बाई मारायची, हा प्रघात आपल्याला हिंदी सिनेमाने पाठ करून दिलेला आहे. शिवाय तिला सुरुवातीला कुणी आपलं मानलं नाही. आगाऊ आहे, तोंडाळ आहे, हिची गरज काय होती, अशी चाहत्यांची कुरकुर चाले. चौदा वर्षांच्या पोरीला रणांगणावर तोकडं कापड गुंडाळून पाठवलं होतं, त्यावरही टीका झाली आणि ती रास्त होती. तिसऱ्या पर्वाच्या मध्यावर तिला अंगभर कपडे मिळाले. तिला आवाज देणारी ॲशली एकस्टाइन हिने 2010 साली ‘हर युनिव्हर्स’ नावाचा कपड्यांचा व्यवसाय काढला, कारण या कथेवर प्रेम करणाऱ्या बायकांसाठी बाजारात काही मिळतच नव्हतं. बाजाराने बायकांना गिऱ्हाईक म्हणून ओळखणं आणि माणूस म्हणून ओळखणं यात अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. तरी नोंद करून ठेवते.

अहसोकाला मारलं नाही. तिचं काय केलं, ते पाचव्या पर्वाच्या शेवटच्या चार भागांत आहे. हे भाग 2013 साली दाखवले गेले. जेडाईंच्या मठात बॉम्बस्फोट होतो. तपासाला अहसोका आणि तिचा गुरू नेमले जातात. संशयित बाईचा कोठडीत मृत्यू होतो, तेव्हा खोलीत अहसोका एकटीच असते, म्हणून आळ तिच्यावर येतो. ती पळते. जे सैनिक काल तिच्या हाताखाली लढले, तेच तिच्या मागावर सोडले जातात. पकडल्यावर लष्कर म्हणतं, ही आमच्या ताब्यात द्या, पण त्याआधी तुमच्या पंथातून काढा. पंथाची वडीलधारी सभा बसते. एकमत नसतं, तरी तिला काढलं जातं. शिष्येची खूण म्हणून डोक्यावर असलेली तिची मण्यांची माळ तिच्यासमोर ओढून तोडतात. लष्करी न्यायालयात तिच्यासाठी फाशीची मागणी होते. तिच्या बाजूने उभी राहते ती पाद्मे. शेवटी ॲनाकिन खऱ्या गुन्हेगाराला ओढून आणतो आणि अहसोका निर्दोष ठरते.

मग तीच सभा तिला परत बोलावते. एकजण मनापासून क्षमा मागतो. दुसरा म्हणतो, तू केवढं धैर्य दाखवलंस. तिसरा म्हणतो, खरं तर ही तुझी मोठी परीक्षाच होती. तोच त्याला दैवी योजनेची फोडणी देतो: या सगळ्यातून तू अधिक मोठी जेडाई झालीस. गुरू तळहातावर तिचे मणी पुढे करतो. अहसोका त्याची मूठ मिटवते, नकार देते आणि मठाच्या पायऱ्या उतरून निघून जाते.

मी समुपदेशन केंद्रात काम करते. ही सभा मी अनेकदा पाहिली आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही त्याच 2013 सालचा. तेव्हापासून चौकशी समित्यांच्या टेबलाभोवती बसायची वेळ आमच्यासारख्यांवर वारंवार येते. अहसोका तक्रारदार नव्हती, आरोपी होती, हा फरक आहेच. पण संस्था स्वतःचं नाव वाचवताना कशी वागते, ते दोन्हीकडे सारखंच. आधी घाईने हात झटकायचे. चूक उघड झाली की तिचा उल्लेख ‘झाला प्रकार’ असा करायचा. आणि जिच्यावर अन्याय झाला तिच्याच सोशिकपणाचं कौतुक करून तिला जुन्या खुर्चीवर बसवायचं. त्या सभेत ‘आमची पद्धत चुकली, आम्ही ती अशी बदलणार’ असं कुणी म्हणत नाही. तिच्या यातनेला परीक्षा म्हटलं, की परीक्षा घेणारे आपोआप निर्दोष सुटतात. अग्निदिव्य या शब्दाचा उपयोग आपल्याकडे दुसरा काय झाला आहे?

कथेचा अर्थ बदलला तो इथे. सिनेमांत जेडाई म्हणजे सज्जनांचा पंथ, त्याचा नाश बाहेरच्या कपटाने झाला, अशी मांडणी आहे. अहसोका बाहेर पडल्यावर आपल्याला दिसतं की पंथ आतून आधीच पोखरला होता. शांततेचे उपासक युद्धाचे सेनापती झाले होते, आणि स्वतःच वाढवलेल्या मुलीवर विश्वास ठेवायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. 2005च्या सिनेमात ॲनाकिन सभेवर चिडलेला दिसतो, तेव्हा पूर्वी तो हट्टी, महत्त्वाकांक्षी तरुण वाटायचा. आता त्या रागाला एक कारण मिळतं. आणि अहसोका तिथे का नाही, तिच्याबद्दल कुणी का बोलत नाही, याचंही उत्तर मिळतं. जी स्वतःहून निघून गेली तिचं नाव घरात कुणी काढत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. खरी गुन्हेगार निघते ती अहसोकाची मैत्रीण बॅरिस, डोकं झाकून घेणारी, अभ्यासू, हळू बोलणारी मुलगी. जेडाई या युद्धात भ्रष्ट झाले आहेत, हे तिचं म्हणणं मालिका पुढे खरंच ठरवते. पण ते बोलायला लेखकांनी बॉम्ब ठेवणारी बुरखेवजा पोशाखातली मुलगी निवडली, आणि तिचं बोलून होताच तिला पडद्याआड नेलं. 2024 साली ‘टेल्स ऑफ द एम्पायर’ या छोट्या मालिकेत तिला तीन भाग देऊन थोडी भरपाई केली आहे. तीही अकरा वर्षांनी.

आमच्या वस्तीतल्या किशोरी गटाला मी हे चार भाग लॅपटॉपवर दाखवले. मला वाटलं होतं मुली टाळ्या वाजवतील. एकीने विचारलं, “ताई, मग ती रात्री झोपली कुठे?” हा प्रश्न सभेतल्या भाषणांपेक्षा जास्त खरा आहे. आमच्याकडे आलेल्या एका बाईवर तिच्या संस्थेत अफरातफरीचा आळ आला होता. आठ महिन्यांनी ती निर्दोष ठरली आणि संस्थेने हार घालून तिला परत बोलावलं. ती गेली. घराचा हप्ता होता, दोन मुलं शाळेत होती. ती भित्री नव्हती. पायऱ्या उतरायला खाली उभं राहायची जागा लागते.

मालिका करणाऱ्यांनाही या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं, पण त्याला सात वर्षं लागली. डिस्ने कंपनीने ऑक्टोबर 2012मध्ये ल्यूकसचा सगळा कारभार चार अब्जांहून अधिक डॉलर मोजून विकत घ्यायचा करार केला, आणि मार्च 2013मध्ये मालिका गुंडाळली. तयार असलेले भाग 2014 साली नेटफ्लिक्सवर आले, आणि सातवं, शेवटचं पर्व 2020 साली. त्यात अहसोका राजधानीच्या तळातल्या वस्तीत येते, जिथे सूर्य पोचत नाही. तिथे ट्रेस आणि राफा या दोन बहिणी राहतात. एक गाड्या दुरुस्त करते, दुसरी मिळेल तो धंदा करते. त्यांच्या गॅरेजमध्ये अहसोकाला आसरा मिळतो. मग कळतं की त्यांचे आईवडील जेडाईंच्याच एका पाठलागात मेले. पळणाऱ्या गुन्हेगाराचं यान गर्दीवर कोसळू नये म्हणून जेडाईंनी ते वळवलं, आणि ते यांच्या घरावर पडलं. नंतर एक जेडाई बाई येऊन मुलींना सांगून गेली की तिला निवड करावी लागली, पण काळजी करू नका, दैवी शक्ती तुमच्या पाठीशी आहे. आणि गेली. ना घर, ना भरपाई. धरणग्रस्तांच्या आणि रस्तारुंदीत घर गेलेल्यांच्या कामात असलेल्या मैत्रिणींना ही बाई कोण ते सांगायला नको. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात ही दहा मिनिटं दाखवावीत, इतकी ती नेमकी आहेत. चाहत्यांना हे भाग रटाळ वाटले. त्यांना लढाया हव्या होत्या.

पाद्मेबाबत मालिकेने केलेलं काम त्याहून कमी बोललं जातं. तिसऱ्या पर्वात ती शत्रूपक्षातल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मीना बाँटेरीला, चोरून भेटायला जाते. अहसोकाला बरोबर नेते. ज्यांना आपण शत्रू म्हणतो त्यांच्या घरातही विधवा आणि पोरकी मुलं आहेत, हे ती पोरगी तिथे पहिल्यांदा पाहते. पुढे लोकसभेत आणखी सैनिक विकत घेण्यासाठी कर्ज काढायचा ठराव येतो. पाद्मे भाषणात आपल्या घरी काम करणाऱ्या बाईची गोष्ट सांगते: तिच्या वस्तीत वीज नाही, पाणी नाही, आणि पैसा मात्र युद्धाला चालला आहे. अर्थसंकल्पावर याहून साधं भाषण मी कार्टूनमध्ये काय, खऱ्या सभागृहातही फारसं ऐकलेलं नाही.

आणि तिचा संसार. दुसऱ्या पर्वात क्लोव्हिस नावाच्या जुन्या मित्रावर नजर ठेवायची कामगिरी तिच्याकडे येते, तर नवरा म्हणतो, नाही म्हण. सहाव्या पर्वात तोच मित्र पुन्हा येतो, तेव्हा ॲनाकिन त्याला रक्तबंबाळ होईस्तोवर मारतो. नंतर पाद्मे त्याला स्पष्ट सांगते की विश्वास नसेल तर हे लग्नच नाही, मला आता सुरक्षित वाटत नाही, काही दिवस भेटायला नको. 2005च्या सिनेमात ॲनाकिनने तिचा गळा धरला, ते एका चांगल्या माणसाचं अचानक झालेलं पतन म्हणून आपण पाहिलं होतं. ‘तो तसा नव्हता हो’ हे वाक्य किती माहेरांनी आमच्यासमोर उच्चारलं असेल. मालिका दाखवते की तो तसाच होता. संशय, मनाई, तिच्या मित्राला मारहाण, मग तिच्यावर हात. हा चढता क्रम केंद्रात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या अर्जात असतो. पाद्मेने तो ओळखला होता, तोंडाने बोलून दाखवला होता. तरी ती परतली. आता ती ‘जगण्याची इच्छा’ वगैरे ऐकताना राग येतो तो त्या डॉक्टरचा.

एका बदलाशी माझं भांडण आहे. सिनेमात सम्राट होऊ घातलेला माणूस ‘हुकूम क्रमांक 66’ देतो आणि क्लोन सैनिक क्षणात आपल्याच जेडाई सेनापतींना गोळ्या घालतात. ही माणसं कारखान्यात पैदा केलेली, दुप्पट वेगाने वाढवलेली, नावाऐवजी क्रमांक असलेली. मालिकेने त्यांना नावं दिली, स्वभाव दिले, आपला जीव त्यांच्यात गुंतवला, आणि मग प्रश्न आला की हीच माणसं खून कसे करणार? 2014च्या भागांत उत्तर दिलं: प्रत्येकाच्या मेंदूत जन्माआधीच एक चिप बसवलेली होती. फाइव्ह्ज नावाचा सैनिक हे शोधून काढतो, आणि त्याला वेडा ठरवून मारलं जातं. गुलामांची गोष्ट म्हणून हे बरोबर आहे. ज्याला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही त्याला दोषी कसं धरणार? तरी मला ही चिप सोयीची वाटते. ‘दारूने केलं, मी नाही’, ‘डोक्यात सणक गेली’ याच जातीची. चिपशिवाय, नुसत्या आज्ञापालनाने माणसं मारणारा शिपाई जास्त भयानक होता आणि जास्त खरा होता. आपण ज्यांच्याशी झगडतो त्यांच्या डोक्यात काहीही बसवलेलं नसतं.

आणि हे सगळं कुणाच्या जिवावर घडलं, तेही पाहायला हवं. मँडलोर हा लढवय्यांचा ग्रह असं जुन्या पुस्तकांत होतं. करेन ट्रॅव्हिस या लेखिकेने त्यांची भाषा, नातीगोती, चालीरीती कादंबऱ्यांतून बारकाईने उभ्या केल्या होत्या. 2010च्या भागांत मालिकेने त्याच ग्रहावर सॅटीन नावाची शांततावादी राज्यकर्ती बसवली. मला सॅटीन आवडते. पण ट्रॅव्हिसच्या पायाखालची जमीन तिने काढली, आणि तिची मालिका अर्धवट राहिली. पुढे एप्रिल 2014मध्ये कंपनीने जाहीर केलं की सहा सिनेमे आणि ही चित्रमालिका एवढंच खरं, तोवरच्या सगळ्या कादंबऱ्या म्हणजे ‘लेजंड्स’. 1991च्या कादंबरीपासून हजारो वाचकांची लाडकी असलेली मारा जेड एका पत्रकाने ‘खोटी’ झाली. एक मुलगी खरी ठरली, दुसरी बाई पुसली गेली, आणि दोन्ही निर्णय मालकाचे. जात्यावरच्या ओव्यांना मालक नव्हता.

दाथोमिरच्या चेटकिणींचं तसं लवकर आटोपतं. त्यांची गोष्ट ल्यूकसची मुलगी केटी हिने लिहिली आहे आणि असाज व्हेंट्रेस या परित्यक्तेला तिने जीव लावून घडवलं आहे. पण बायकांचं राज्य म्हणजे पुरुषांना गुलाम करणारं काळं राज्य, ही जुनी भीती तिथे जशीच्या तशी आहे, आणि शेवटी सगळ्याजणींची कत्तल होते.

ज्या गटांना हे दाखवायचं असेल त्यांनी पहिल्या भागापासून सुरुवात करू नये. एकूण 133 भाग आहेत आणि सुरुवातीचे बरेचसे पोरकट आहेत. पाचव्या पर्वाचे शेवटचे चार आधी घ्या. प्रत्येक भाग बावीस-तेवीस मिनिटांचा, म्हणजे दीड तासात होतात. मग सातव्या पर्वातले दोन बहिणींचे चार भाग वेगळ्या दिवशी. इंग्रजी अवघड जाणाऱ्या मुलींसाठी मध्येच थांबवून मराठीत सांगत गेलं तरी चालतं, आम्ही तसंच केलं. सभा अहसोकाला परत बोलावते तिथे मात्र थांबवू नका. तिथे मुली आपणहून बोलायला लागतात.